स्टीफन हिस्लॉप : नागपूरच्या दगडांची नोंद ठेवणारा पाद्री

इतवारीतल्या शहीद चौकात उभे राहून कुणाला हिस्लॉप विचारले, तर तो सिव्हिल लाइन्समधल्या कॉलेजचा रस्ता सांगेल. १८८३ मध्ये सुरू झालेले हे नागपुरातले सर्वात जुने महाविद्यालय. शहरातल्या कितीतरी घरांच्या दोन-तीन पिढ्या तिथे शिकल्या. पण हिस्लॉप हे एका माणसाचे आडनाव होते, तो माणूस कॉलेज सुरू होण्याच्या वीस वर्षे आधीच गेला होता आणि नागपूरच्या मातीखाली काय दडले आहे हे जगाला नीट समजावून सांगणाऱ्या पहिल्या काही जणांत तो होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

त्याने काय पाहिले, ते समजून घ्यायला इतवारीतून निघून सीताबर्डीपर्यंत चालत गेले तरी पुरे. अंतर जेमतेम दोन-तीन किलोमीटर. तेवढ्यात पायाखालचा खडक बदलतो. पूर्वेकडे, इतवारीच्या बाजूला, फार प्राचीन असा पट्टिताश्म आहे. पश्चिमेकडे, बर्डीच्या टेकडीपासून, काळा बेसाल्ट सुरू होतो. हा बेसाल्ट पुढे थेट सह्याद्रीपर्यंत पसरलेला आहे. डांबर आणि सिमेंटच्या रस्त्यांमुळे हा बदल आज दिसत नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तो उघड्यावर दिसत होता. तो पाहून लिहून ठेवणारा माणूस व्यवसायाने भूशास्त्रज्ञ नव्हता. तो शाळा चालवणारा धर्मोपदेशक होता. ज्याला आज ‘नागरिक विज्ञान’ म्हणतात, म्हणजे शास्त्रज्ञ नसलेल्या माणसांनी निसर्गाच्या नोंदी ठेवून शास्त्राला लावलेला हातभार, त्याचे विदर्भातले हे एक जुने आणि ठळक उदाहरण आहे.

डन्स ते नागपूर

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स या लहान गावात झाला. लहानपणापासून निसर्गाचा नाद होता, पण शिक्षण धर्मशास्त्राचे झाले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली आणि ‘फ्री चर्च’ वेगळे झाले. हिस्लॉप या नव्या चर्चमध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी पत्नीसह हिंदुस्थानकडे निघाले. डिसेंबर १८४४ मध्ये ते मुंबईला उतरले आणि १८४५ च्या सुरुवातीला नागपूर-कामठीला पोहोचले.

तेव्हा नागपूरवर भोसल्यांचे राज्य होते. कामठीला इंग्रजांची छावणी आणि बर्डीला रेसिडेंट होता. शहर म्हणजे महाल आणि आठवडी बाजारांच्या वारांवरून ओळखल्या जाणाऱ्या इतवारी, बुधवारी, शुक्रवारी अशा पेठा. हिस्लॉप मराठी शिकले. १८४६ मध्ये त्यांनी शहरात शाळा सुरू केली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर नावाचे सहकारी येऊन मिळाले. दोघांचा हेतू ख्रिस्ती धर्माचा प्रसार हाच होता आणि त्यावरून शहरात त्यांना विरोधही झाला. ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. मात्र शाळेच्या आणि धर्माच्या कामासाठी त्यांना गावोगाव हिंडावे लागे. कधी पायी, कधी घोड्यावर. या हिंडण्यातूनच दुसरे काम उभे राहिले.

टाकळीचा शंख

१८५१ मध्ये शहराच्या पश्चिमेला टाकळीच्या बाजूला हिंडताना हिस्लॉप यांना खडकात रुतलेला एक लहानसा शंख दिसला. तो फायसा या जातीच्या गोगलगायीचा होता. ही गोगलगाय गोड्या पाण्यात राहते. ती सापडली होती लाव्हापासून बनलेल्या दोन थरांच्या मधल्या एका पातळ पट्ट्यात.

वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या गोष्टीचा अर्थ मोठा होता. तप्त लाव्हात गोगलगाय जगत नाही. म्हणजे लाव्हाचा एक लोट येऊन गेला, तो थंड झाला, त्यावर पाणी साचून तळे झाले, तळ्यात वनस्पती वाढल्या, गोगलगायी आल्या, आणि बऱ्याच काळानंतर पुढच्या लोटाने ते सगळे गाडले गेले. दख्खनचे पठार एका दमात तयार झालेले नाही, मधल्या शांत काळांत इथे तळी आणि जंगले होती, याचा पुरावा त्या शंखात होता. बर्डीच्या टेकडीतही खाली लाव्हाचा थर, मधे गोड्या पाण्यातल्या गाळाचा थर आणि वर पुन्हा लाव्हा, अशी रचना हिस्लॉप आणि हंटर यांनी नोंदवली.

त्यानंतर दोघांना जणू व्यसनच लागले. टाकळीच्या थरात फळे, बिया, पाने, कीटकांचे पंख सापडले. कामठी आणि सिलेवाड्याच्या वालुकाश्मात ग्लोसॉप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या जिभेसारख्या पानांचे ठसे मिळाले. नागपूरच्या दक्षिणेला सुमारे ६० मैलांवर मांगली इथे रुंद डोक्याच्या एका प्राचीन उभयचराची कवटी मिळाली. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यात मोठमोठ्या हाडांचे तुकडे मिळाले. हिंदुस्थानच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याची स्थापनाही १८५१ चीच. म्हणजे सरकारी खाते अजून मूळ धरत होते, तेव्हा नागपुरात हे काम दोन शिक्षक सुट्टीच्या वेळात करत होते.

नाव कोण देणार?

जमवणे जमत होते. ओळखणे कठीण होते. सापडलेली कवटी कुठल्या प्राण्याची, बी कुठल्या झाडाची, हे ठरवायला तुलनेसाठी हजारो नमुने लागतात. ते नागपुरात नव्हते. मग हिस्लॉप यांनी आपले नमुने बाहेरच्या तज्ज्ञांकडे धाडायला सुरुवात केली. नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये आणि सुएझचा कालवा उघडला १८६९ मध्ये. त्यामुळे हे दगड आधी रस्त्याने बंदरापर्यंत आणि मग आफ्रिकेला वळसा घालून जहाजाने किंवा सुएझची जमीन ओलांडून विलायतेला जात. उत्तर यायला कित्येक महिने लागत.

उत्तरे मात्र आली. मांगलीची कवटी रिचर्ड ओवेन यांनी अभ्यासली. ‘डायनोसॉर’ हा शब्द रूढ करणारे हेच ते ओवेन. त्यांनी १८५५ मध्ये त्या प्राण्याला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. कीटकांचे पंख अँड्र्यू मरे यांनी पाहिले. एका हिरवट खनिजमिश्रित कॅल्साइटला सॅम्युअल हॉटन यांनी ‘हिस्लोपाइट’ म्हटले. नागपूरच्या पाण्यात वनस्पतींवर वाढणारा शेवाळासारखा दिसणारा एक सूक्ष्म प्राणी मुंबईतले डॉक्टर हेन्री कार्टर यांच्याकडे गेला. १८५८ मध्ये त्यांनी त्याचे नाव ‘हिस्लोपिया’ ठेवले. जगातल्या कुठल्याही देशात हा प्राणी सापडला, तरी त्याची पहिली शास्त्रीय नोंद नागपूरच्या पाण्यातली आहे. हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला.

या कामात वाट दाखवणारे, नाला ओलांडून देणारे, दगड वाहून आणणारे गावकरी होतेच. शास्त्रीय नावे मात्र हिस्लॉप आणि हंटर यांची राहिली. नागरिक विज्ञानातला श्रेयाचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

हिस्लॉप यांची नोंदवही दगडांपुरती नव्हती. गोंड समाजाच्या चालीरीती, भाषा आणि लिंगोची कथा त्यांनी टिपून घेतली. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर नव्या कारभारातल्या गैरप्रकारांवर त्यांनी वृत्तपत्रातून लिहिले. १८६१ मध्ये मध्य प्रांत हा नवा प्रांत करण्यात आला, त्यामागच्या कारणांत या लेखनाचाही वाटा मानला जातो. जे दिसले ते तारीख आणि ठिकाणासह लिहायचे, ही त्यांची सवय खडकाला लागू होती तशी कचेरीलाही.

एका ओढ्याची पातळी

४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप टाकळघाटला होते. नागपूरच्या दक्षिणेला, आजच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीच्या शेजारी हे गाव आहे. तिथली दगडांची वर्तुळे, म्हणजे महापाषाण काळातल्या माणसांची दफनस्थळे, पाहायला मध्य प्रांताचे प्रमुख अधिकारी रिचर्ड टेंपल आले होते. हिस्लॉप त्यांच्यासोबत होते. दिवसभर पाहणी झाली. मग हिस्लॉप बोरीच्या शाळेला भेट द्यायला गेले. अंधार पडता पडता ते मुक्कामाकडे परत निघाले. वाटेतला ओढा पावसाने फुगला होता. तो ओलांडताना ते बुडाले. वयाची ४६ वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस उरले होते.

त्यांच्या मागे राहिलेली गोंडांविषयीची टिपणे टेंपल यांनी १८६६ मध्ये पुस्तकरूपाने छापून घेतली. दगड लंडनच्या संग्रहालयात राहिले.

ज्याने कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या तळ्यांचा माग काढला, त्याला त्या संध्याकाळी समोरच्या ओढ्यात किती पाणी आहे हे सांगणारे कुणी नव्हते. हा प्रश्न जुना झालेला नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि झोपेत असलेल्या वस्त्यांत पाणी शिरले. माणसे दगावली. पाणी कुठे, किती आणि कोणत्या वेगाने चढते आहे, ही माहिती वेळेवर हाती असणे म्हणजे जीव वाचणे.

चुकीचा निष्कर्ष, बरोबर नोंद

हिस्लॉप यांची एक मोठी चूक झाली होती आणि ती आजच्या विषयाशी जवळून जोडलेली आहे. टाकळीची फळे आणि शंख पाहून त्यांनी ते थर तृतीयक काळातले, म्हणजे डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतरचे ठरवले. त्या काळी उपलब्ध असलेल्या तुलनेवरून हा अंदाज वाजवी होता. पुढे अशा थरांत डायनोसॉरांचे अवशेष मिळाले आणि खडकांचे वय किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून मोजता येऊ लागले. दख्खनच्या लाव्हाचे उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातले आहेत, हे आता नक्की झाले आहे.

निष्कर्ष चुकला, तरी नोंद वाया गेली नाही. कुठला नमुना कुठल्या गावात, कुठल्या थरात मिळाला हे लिहिलेले असल्यामुळे पुढच्या संशोधकांना त्या जागी परत जाता आले. पिसदुऱ्याचेच पाहा. तिथल्या डायनोसॉरांच्या अश्मीभूत शेणात गवताचे सूक्ष्म सिकताकण सापडल्याचे २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. किमान पाच प्रकारची गवते त्यात ओळखता आली. तोवर डायनोसॉरांच्या काळात अशी विविध गवते होती असे कुणी मानत नव्हते. चंद्रपूरच्या एका गावाने जगाच्या पाठ्यपुस्तकांत बदल घडवला. त्या गावाची वाट शास्त्राला दाखवणाऱ्यांत हिस्लॉप होते.

ओवेन यांच्या जागी यंत्र

हिस्लॉप यांना जे उत्तर महिनोन्‌महिने थांबून मिळे, ते आज मोबाईलवर काही सेकंदांत येते. नाग नदीच्या काठावरच्या गोगलगायीचा किंवा गांधीसागर तलावावरच्या बगळ्याचा फोटो ‘आयनॅचरलिस्ट’ या अ‍ॅपवर टाकला की ते संभाव्य नाव सुचवते. ‘मर्लिन’ किंवा ‘बर्डनेट’ ही अ‍ॅप पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सांगतात. यामागे कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. तज्ज्ञांनी आधी ओळखून ठेवलेली लाखो चित्रे यंत्राला दाखवली जातात. त्यातून ते आकार, रंग आणि नक्षीतले साम्य ओळखायला शिकते. आवाजाचेही आधी चित्र केले जाते आणि मग त्या चित्रातला आकृतिबंध जुळवला जातो.

हे काम खेळण्यापुरते राहिलेले नाही. देशातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा २०२३ चा अहवाल ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी दिलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यातून ९४२ प्रजातींचा आढावा घेता आला. एवढे पगारी शास्त्रज्ञ कुठलेही सरकार नेमू शकणार नाही. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पात २०२४ पासून कॅमेऱ्याच्या चित्रातला धूर ओळखून वणव्याची सूचना देणारी यंत्रणा बसवली आहे. मुंबईत आयआयटीच्या संशोधकांनी त्याच वर्षी पुराची माहिती देणारी सोय सुरू केली. त्यात पावसाचा अंदाज यंत्र देते आणि आपल्या गल्लीत पाणी किती साचले आहे हे नागरिक कळवतात.

हवेचेही तसेच आहे. सरकारी मापन केंद्रे महाग असतात, म्हणून मोजकीच असतात. इतवारीत किराणा ओळीतली हवा आणि चार गल्ल्यांपलीकडची हवा सारखी नसते. तिथे स्वस्त संवेदक उपयोगी पडतात. ते धुळीच्या कणांवरून विखुरणारा प्रकाश मोजतात. पण दमट हवेत कण फुगतात आणि आकडा वाढीव येतो. मोठ्या केंद्राच्या आकड्यांशी तुलना करून ही चूक दुरुस्त करण्याचे काम यंत्राला शिकवता येते. नागपूरकरांना याची गरज अधिक आहे, कारण शहराच्या उत्तरेलाच कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रे आहेत. हिस्लॉप ज्या सिलेवाड्यात ग्लोसॉप्टेरिसची पाने शोधत होते, त्याच परिसरात आज कोळशाची खाण आहे. त्या प्राचीन जंगलांचाच कोळसा झाला. त्याची राख आता नागपूरच्या हवेचा आणि कन्हानच्या पाण्याचा प्रश्न आहे.

यंत्राला न जमणारी गोष्ट

यंत्र ओवेन यांची जागा काही प्रमाणात घेऊ शकते. हिस्लॉप यांची घेऊ शकत नाही. टाकळीच्या खडकापुढे थांबणारा, वाकून पाहणारा माणूस तिथे असावाच लागतो. शिवाय यंत्राला जे शिकवले तेच त्याला येते. त्याच्याकडची बरीचशी चित्रे युरोप-अमेरिकेतली असतील, तर विदर्भातल्या कीटकाला ते तिकडच्या एखाद्या नातेवाइकाचे नाव देऊन मोकळे होते, तेही मोठ्या आत्मविश्वासाने. म्हणूनच अशा व्यासपीठांवर इतर जाणकारांनी दुजोरा दिल्याशिवाय नोंद अभ्यासासाठी ग्राह्य धरत नाहीत.

यंत्राने सुचवलेले नाव चुकले, तर ते उद्या बदलता येते. हिस्लॉप यांचा काळाचा अंदाज असाच बदलला गेला. पण फोटोसोबत जागा आणि तारीख नसेल, तर ती पुढे कुणालाच भरता येत नाही. टाकळीच्या ज्या उघड्या खडकांवर ते हिंडले, त्यांतला बराचसा भाग आज वस्तीखाली गेला आहे. तिथे परत जाऊन पाहता येणार नाही. उरली आहे ती नोंद.

इतवारीतल्या एखाद्या शाळकरी मुलीला आजच सुरुवात करायची असेल, तर फार काही लागत नाही. रोज सकाळी एकाच जागेवरून दहा मिनिटे पाहायचे. पक्षी, फुलपाखरू, नाल्याच्या पाण्याचा रंग आणि पातळी, जे दिसेल ते. सोबत तारीख, वेळ आणि ठिकाण लिहायचे. शक्य असेल तर फोटो काढून ठेवायचा. काही दिसले नाही, तर काही दिसले नाही असेही लिहायचे, कारण एखादी चिमणी कधीपासून दिसेनाशी झाली हे अशाच नोंदींतून कळते. नाव ठाऊक नसेल तर ती जागा कोरी सोडली तरी चालते. ते काम नंतर यंत्र करेल, तज्ज्ञ करेल किंवा पन्नास वर्षांनी आणखी कुणी करेल.